आभाराचं गाऱ्हाणं

पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावरचं माझं सगळ्यात कडक पोस्टिंग आमच्या गावी, कापड्यात, माझ्याच घराच्या पडवीत होतं. काम एकच, सुमनजवळ कुणाला फिरकू द्यायचं नाही. सुमन माझी बायको. मुंबईत शेवटची केमो घेऊन ती शिमग्याच्या तोंडावर घरी आली होती. अंगात प्रतिकारशक्ती नाही, साधा ताप आला तरी जिवावर बेतेल, गर्दी टाळा, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं.

सीमेवर घुसखोर अडवणं सोपं होतं. ते निदान पपईचा पाला घेऊन येत नसत. इथे उजाडताच गाव सुरू व्हायचा. एक म्हणे गव्हांकुर, दुसरा म्हणे गोमूत्र, तिसऱ्याच्या मेव्हण्याला पोलादपुरात कोणी वैद्य भेटलेला. मी मास्क द्यायचो, लोक तो हनुवटीला अडकवून थेट माजघरात. वर सुमन आतून ओरडायची, "अहो, चहा ठेवा त्यांना!" पलटणीत माझा शब्द कुणी खाली पडू दिला नाही. घरात मात्र मला कुणी विचारत नव्हतं.

शिमग्यात देवीची पालखी दारोदार येते. तिच्या आदल्या संध्याकाळी मी तात्यांना घरी बोलावून घेतलं. तात्या पालखीचे मानकरी.

"पालखी रस्त्यावरच थांबवा. मी ओटी घेऊन येतो."

"देवी दारात येतेय आन तू तिला नाक्यावर उभी करणार व्हय, सुबेदार?"

"डॉक्टरांची ऑर्डर आहे."

"मी दारात उभी राहणार," सुमन म्हणाली. "जीव वाचलाय माझा. देवीचे आभार मानायचेत."

चर्चा संपली. मी घरासमोरच्या खळ्यात चुन्याची रेघ मारली. गुलाल नाही, ढोल रस्त्यावर, रेघेच्या आत फक्त पालखीचे भोई आणि तात्या. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी पालखी आली आणि मुंबईहून आलेल्या पोरांनी नाचत नाचत रेघ पुसून टाकली. मी ओरडत होतो, ढोल माझ्याहून मोठा होता. सुमनने पायरीवरून ओटी भरली. ढोल थांबला. तात्यांनी हात जोडून देवीला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, "आई, या लेकीला शंभर वर्सं आयुष्य दे..."

सुमनने हात वर केला. "तात्या, काही मागू नका. नुसते आभार माना."

"गाऱ्हाण्यात मागायचं असतं गो. आभाराचं गाऱ्हाणं नाय. माझ्या आज्यानं घातलं नाय, बापानं नाय."

झालं, वाद पेटला. कोणी म्हणे आधी थोडं मागा, मग आभार. कोणी म्हणे गुरवाला विचारा. पालखी भोयांच्या खांद्यावर, ऊन डोक्यावर. सुमनने दोन्ही हातांनी खांब धरला होता. ही आता इथेच कोसळणार, असं वाटून मी तिचा दंड धरला.

"आत चल."

"आधी आभार."

माझं डोकं फिरलं. "सगळे गप्प! मी घालतो गाऱ्हाणं!"

गाऱ्हाणं मला येत नाही, रिपोर्ट येतो. सावधान उभा राहिलो.

"आई, मुंबईच्या डॉक्टरांचे आभार."

गाऱ्हाण्याला होकार द्यायच्या सवयीने कोणी तरी म्हणालं, "होय महाराजा!"

"रक्त दिलेल्या पोरांचे."

"होय महाराजा!" आता सगळेच.

"आमच्या चुलीवर भाकऱ्या थापणाऱ्या बायांचे. रोज येऊन मला छळणाऱ्यांचेसुद्धा."

लोक हसले. "होय महाराजा!"

"रिपोर्ट संपला."

"नाही संपला," सुमन म्हणाली. "एकनाथ भावोजी राहिले."

एकनाथ बिरवाडीचा, माझ्या सेक्शनचा लान्स नाईक. मी तेव्हा साधा शिपाई. काश्मीरमधल्या एका सर्च ऑपरेशनला पुढचा स्काउट मी होतो. त्याने मला मागे ओढलं. "तुझ्या अंगाची हळद उतरली नाय अजून. मी जातो पुढं." नाल्याच्या वळणावर फायर आलं आणि तो जागीच गेला. रेडिओवर मीच होतो. "वन कॅज्युअल्टी. ओव्हर." पलीकडून नाव विचारलं. माझ्या तोंडून ते निघेना. सेक्शन कमांडरने हातातून सेट घेतला आणि नाव सांगितलं.

त्यानंतर मी घरात त्याचा विषय काढू दिला नव्हता. सुमनला सगळं माहीत होतं.

"ते पुढं गेले नसते, तर मला मुंबईला कोण घेऊन गेलं असतं?" ती म्हणाली.

एवढ्या लोकांसमोर मला रडू फुटलं. डोळे पुसले नाहीत, सावधानमध्ये हात हलवत नाहीत.

"लान्स नाईक एकनाथ," मी म्हणालो. "गाव बिरवाडी."

तात्यांनी टोपी काढली. "होय महाराजा," ते हळूच म्हणाले.