चित्रातल्या म्हाताऱ्याने डोळे मिटले

नोकरीत मला भीती वाटली ती एकदाच, आणि तीही पुस्तकाच्या एका पानाची. हसू नका. चाकू घेऊन अंगावर आलेल्या माणसाला मी ठाण्यात बसवून चहा पाजलाय. पण ते पान आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

मी शिपाई म्हणून भरती झाले. रद्दीतून कायद्याची पुस्तकं आणून खात्याच्या परीक्षा दिल्या आणि उपनिरीक्षक होऊन निवृत्त झाले. ही गोष्ट निवृत्तीच्या आदल्या वर्षाची. नेमणूक बोईसरला होती.

एका दुपारी एक वृद्ध गृहस्थ ठाण्यात आले. तारापूरच्या प्रकल्पातून निवृत्त झालेले, उमरोळीला मुलाकडे राहणारे. इस्त्रीचा शर्ट, बगलेत कापडात गुंडाळलेलं जाड इंग्रजी पुस्तक. त्यांना जुन्या चिनी नोटा जमवायचा नाद. असलाही नाद असतो हे मला तेव्हाच कळलं. त्यातली खरी नोट कोणती, ती ओळखायची कशी, हे सांगणारं ते पुस्तक आता कुठे मिळत नाही म्हणे. नोटांच्या एका व्यापाऱ्याने ते नव्याने छापायला म्हणून महिनाभर मागून नेलं आणि परत आणून दिलं. छपाई आमच्या हद्दीत, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत झाली, म्हणून काका आमच्याकडे आले होते.

मी विचारलं, मग तक्रार काय?

त्यांनी एक पान उघडलं. एका नोटेचं मोठं चित्र. त्यात दाढीवाला चिनी म्हातारा, डोळे मिटलेले.

"याचे डोळे उघडे होते," ते म्हणाले. "चाळीस वर्षं हा माझ्याकडे बघत होता, ताई. आता बघत नाही."

तेवढ्यात मुलगा धापा टाकत आला. माफी मागायला लागला. मागच्याच आठवड्यात बाबा गॅसवर दूध ठेवून विसरले, आता हे नवीन, असं हळू आवाजात सांगून त्याने वडिलांचा दंड धरला. काका उठले, पण दारातून मागे वळले.

"एवढंच सांगा. माझं डोकं जातंय का?"

मी त्यांना पाणी घ्या म्हटलं. ते गेल्यावर स्टेशन डायरीत नोंद केली: वयोमानाने विस्मरण, समज देऊन पाठवले.

आठ दिवसांनी एक बाई आली. मासवणकडची, बोईसरला एका छापखान्यात बाइंडिंगच्या कामाला. छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घातली की त्याला फर्मा म्हणतात; ते फर्मे एकावर एक नीट क्रमाने लावायचे, हे तिचं काम. हिला वाचता येत नव्हतं. बाकीच्या बाया पानांचे आकडे बघायच्या, ही चित्रं बघायची. पूलवाला, मग जहाजवाला, मग म्हातारा. हात कधी चुकला नाही.

ती समोर उकिडवी बसली, खुर्ची घेईना.

"बाई, त्या म्हाताऱ्यानं डोळे मिटले."

आमचे हवालदार हसले. म्हणाले, "मॅडम, चिनी म्हातारा आहे, दुपारी झोप लागली असेल, झोपू द्या की." मला हसू आलं नाही. हातातलं पेन तसंच राहिलं.

तिने छापखान्यात हे सांगितलं, तर बायांनी तिच्याबरोबर जेवणं सोडलं. मालकाने उद्यापासून येऊ नको म्हटलं. घरच्यांनी बाधा उतरवायला भगताला बोलावलं. तिला कोणाविरुद्ध काही लिहून द्यायचं नव्हतं. म्हणाली, "तुमी शिकलेल्या हाय. तुमी बघा नि सांगा, मला दिसलं ते खरं का नाय."

काकांची आणि हिची कधी गाठ पडली नव्हती, तेवढी मी खात्री करून घेतली. मग सरळ उमरोळी गाठली.

काकांच्या खोलीत खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसले. त्या चेहऱ्याच्या पापण्या अशा मिटलेल्या, जशा आपण गेलेल्या माणसाच्या मिटतो. मला वाटलं, पान उलटून परत आले तर डोळे उघडलेले असतील. खोटं कशाला सांगू, मी दोनदा उलटून परत आले. काका माझ्याकडेच बघत होते.

मग बोटाला कसरीचं भोक लागलं. माझी सगळी कायद्याची पुस्तकं कसरीने खाल्लेली, त्यामुळे मला त्या बारीक भोकाची सवय. पहिल्या पानापासून टाचणीएवढं भोक पानापानांतून आत गेलं होतं. म्हाताऱ्याच्या पानाला भोक नव्हतं. पुढच्या पानाला परत होतं. कीड मधलं पान सोडून उडी मारत नाही. पान नवीन होतं, जुनाट रंग देऊन आत शिवलेलं.

पुराव्याशिवाय बोलायचं नाही ही आमची शिस्त. मी गप्प बसले आणि पुस्तक ताब्यात घेतलं. तुमचं डोकं ठीक आहे, एवढं तरी काकांना तिथेच सांगायला हवं होतं, असं आता वाटतं.

छापखान्याच्या मालकाची कागदपत्रं चोख. पहिली छपाई पुस्तकाप्रमाणेच झाली, तो म्हणाला. मग व्यापाऱ्याने चित्र अस्पष्ट आहे म्हणून दुसरं दिलं आणि तेवढा फर्मा परत छापून घेतला. आधीचे सगळे कागद तो स्वतः टेम्पोत घालून घेऊन गेला. एकही उरला नाही.

एक उरला होता. बाईने खराब झालेला कागद घरी नेला होता. तो म्हातारा तिला आपल्या आजासारखा दिसायचा, म्हणून कुडाच्या भिंतीवर चिकटवलेला. आणि भीती बसल्यावर तिने तो उलटा करून, तोंड भिंतीकडे करून परत चिकटवला होता. दोन पंचांसमोर आम्ही तो पाणी लावून हळूहळू सोडवला. आधी दाढी सुटली, मग नाक, आणि मग मातीतून दोन उघडे डोळे आमच्याकडे बघायला लागले. एक पंच मागे सरकला. त्याला काय बोलू, मीही सरकले होते.

व्यापारी दोन दिवस गोड बोलला. तिसऱ्या दिवशी मी तो कागद आणि पुस्तक शेजारी-शेजारी ठेवलं आणि एकही प्रश्न न विचारता बसून राहिले. प्रश्न माणूस झेलतो, शांतता झेलवत नाही. शेवटी तोच बोलला. त्याने त्या नोटेच्या बनावट नोटांची थप्पी करून घेतली होती. नकलेसाठी वापरलेली खरी नोट नेमकी डोळ्यांवर घडी पडून झिजलेली. कारागिराने तिथे मिटलेल्या पापण्या काढल्या. चूक लक्षात आली तेव्हा थप्पी तयार होती, आणि गिऱ्हाईक नोट पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघणार होतं.

"नोटा पुन्हा छापण्यापेक्षा पुस्तक बदलणं सोपं होतं," तो म्हणाला.

मी विचारलं, आणि ज्यांचं पुस्तक, ते?

"त्या म्हाताऱ्याचं कोण ऐकणार होतं, मॅडम?"

त्याचा हिशेब बरोबर होता. मीही ऐकलं नव्हतंच. मूळ पान त्याच्या कपाटात सापडलं.

बाईला घेऊन मी उमरोळीला गेले. काकांनी तिच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली. तिला काही दाखवलं नाही, फक्त विचारलं, "डोळे कसे होते?"

"उघडे. उजवा जरा बारीक."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. उजवा बारीक होता हे त्यांनी आम्हाला कोणालाच सांगितलेलं नव्हतं. मुलगा दारात उभा होता. कुठे बघावं त्याला कळेना.

बाई परत कामाला लागली, दुसऱ्या छापखान्यात. कोर्टाच्या हुकमाने काकांचं पान त्यांना मिळालं. सगळं ज्याचं त्याला पोचलं असं समजून मी निवृत्त झाले. पण माणसाचा स्वतःवरचा विश्वास मुद्देमालात जमा होत नाही, त्यामुळे तो परतही करता येत नाही, हे मला या प्रकरणाने शिकवलं. आता कोणी अशक्य काही सांगायला लागलं, तर मी आधी ते पूर्ण ऐकते.

काकांचा अजून महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. पुस्तक समोर उघडून बसलेले असतात. "ताई, हे डोळे पहिल्यापासून असेच होते ना?"

"असेच होते, काका," मी सांगते. पण सांगण्याआधी मीही क्षणभर थांबते.