भोपळ्याशेजारी माझं पुस्तक

माझं पुस्तक आलं! छापून! हे मी इतक्या जणांना पाठवलंय की आता मोबाईलवर "मा" टाइप केलं की पुढचं आपोआपच येतंय. पण पुस्तक आलं त्या रविवारी आमच्या अहमदपूरच्या चर्चमध्ये काय झालं ते अजून कुणालाच नीट सांगितलं नाही. आता सांगते. मध्ये थांबणार नाही, सांभाळून घ्या.

आधी पुस्तकाचं. कादंबरी आहे, नाव "रविवारची टेस्ट". दहावी-बारावीतल्या ख्रिस्ती पोरापोरींसाठी. लहानपणी आमच्या संडे स्कूलच्या कपाटात गोष्टींची पुस्तकं होती, पण त्यातल्या सगळ्या मुलांच्या दारात बर्फ पडायचा. आम्ही एप्रिलमध्ये पत्र्याखाली घामाघूम होऊन ते वाचायचो. येशूवर विश्वास ठेवणारी, लातूरच्या हॉस्टेलवर राहणारी, मेसच्या पातळ वरणाला वैतागलेली पोरगी कुठंच नव्हती. माझ्या कादंबरीत तीच आहे. क्लासवाले रविवारी सकाळी टेस्ट ठेवतात, अन् रविवारी सकाळीच चर्चची भक्ती असते. तिनं जायचं कुठं? बस, एवढीच गोष्ट. पण त्यावरून तिचं देवाशी लई मोठं भांडण होतं.

हे कुठून सुचलं ते सांगायलाच नको. मीपण लातूरला मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचा क्लास केला. नंबर लागला नाही. परत एकदा दे म्हणाले सगळे, मी नाही म्हणाले अन् नांदेडला बीएला गेले.

पप्पांनी नुसती बॅग उचलून दिली. तेच जड गेलं.

पप्पा एसटीत कंडक्टर आहेत. भूकंप झाला तेव्हा ते शाळेत होते. त्यांच्या मामाचं गाव किल्लारीच्या बाजूचं. आजोबांबरोबर तिकडं गेले तेव्हा एका तंबूत त्यांनी एक डॉक्टरबाई बघितली. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातानं लेकरांच्या जखमा बघून राहिलेली. चहा गार झाला तरी तिनं तो प्यायला नाही म्हणे. त्या दिवशीच पप्पांनी ठरवलं की आपल्या घरातलं एक लेकरू डॉक्टर होणार. मला लातूरच्या बसमध्ये बसवताना दर वेळी हीच गोष्ट सांगायचे. मी बीएला गेले अन् ती गोष्ट बंद झाली.

म्हणून ती डॉक्टरबाई मी सातव्या प्रकरणात घातली. चहाच्या कपासकट. पप्पांना सांगितलं नाही. त्यांनी ती आपणहून वाचावी, एवढंच मला पाहिजे होतं. बाकी जगानं पुस्तक वाचलं नाही तरी चाललं असतं. (खोटं. नसतं चाललं. पण पप्पा पहिले.) मोबाईलवर वाचून दाखवू का विचारलं तर म्हणाले, "छापून येऊ दे, मग बघू."

अन् मग फोन आला! प्रकाशकांचा! मी नांदेडहून घरी येत होते, खचाखच भरलेल्या बसमध्ये. "आम्ही छापतोय," एवढंच ऐकलं अन् मी अशी ओरडले की शेजारच्या मावशींच्या मांडीवरची पिशवी पडली.

"काय झालं गं? नंबर लागला का?" मावशी.

"हाव मावशी!"

"कुठं लागला? लातूरला का नांदेडला?"

"मावशी, पुस्तक! मी पुस्तक लिहिलंय, ते छापणार आहेत!"

"अगं बाई," मावशी पिशवी उचलत म्हणाल्या, "मला वाटलं एमबीबीएस."

तर अशा गावाकडची मी लेखिका.

पुस्तकांचा गठ्ठा उशिरा येणार होता. प्रकाशकांनी आधी एकच प्रत पाठवली, बघायला. मी ती इतकी हुंगली की आई म्हणाली, शाई संपल. मग आईनं ती एका बैठकीत वाचून काढली, डोळे पुसले, पुस्तक पुसलं, अन् म्हणाली, "रविवारी सुगीचा सण हाय. हे तिथं ठेवायचं."

आमच्या चर्चच्या मंडळीत सुगीच्या सणाला ज्याच्या घरी जे पहिलं पिकलं ते वेदीपुढं आणून ठेवतात. सोयाबीन, उडीद, भोपळे, लोणच्याच्या बरण्या, पाय बांधलेला एखादा गावरान कोंबडा. भक्ती झाली की त्याचा लिलाव. पैसे चर्चला.

"आई, एकच प्रत आहे! पप्पांनी अजून वाचली नाही!"

"पहिलं पीक देवाचं. तुझ्या शेतात हेच पिकलं ना?"

मी पप्पांकडं बघितलं. म्हटलं, आता तरी म्हणतील, थांबा, मी वाचतो आधी. पप्पा बूट पुसत होते. म्हणाले, "ठेव भोपळ्याजवळ. कोंबड्याजवळ नको, घाण करतो."

ठेवलं. भोपळ्याजवळ.

अन् लिलाव कोण करतं माहितीय? पप्पाच! दर वर्षी. मंडळीत त्यांच्याएवढा आवाज कुणाचा नाही. ते "एक वार, दोन वार, तीन वार" म्हणतच नाहीत. वस्तू विकली की बसच्या दोन घंट्यांसारखं ओरडतात, "टिंग टिंग! सुटली गाडी!" लेकरं खदाखदा हसतात.

आमच्याकडं अजून एक पद्धत आहे. वस्तू विकत घेणारा पैसे देतो अन् वस्तू परत वेदीपुढं ठेवतो, परत लिलाव करा म्हणून. तेवढीच चर्चला मदत, अन् आणणाऱ्याचा मान. मागच्या वर्षी एक कोंबडा इतक्यांदा विकला की शेवटी तोच दमून झोपला.

भोपळा गेला. बरण्या गेल्या. मग पप्पांनी पुस्तक उचललं. उलटंसुलटं करून बघितलं. पहिल्यांदाच हातात घेतलं होतं त्यांनी.

"एक पुस्तक," पप्पा म्हणाले. आवाज निम्माच. "नवीन."

"अहो कंडक्टर साहेब, नाव तर सांगा!" मागून कुणीतरी.

"रविवारची टेस्ट."

"लिहिलं कुणी?"

"आमच्या पोरीनं."

अशी बोली लागली म्हणून सांगू! संडे स्कूलच्या बाई बोलल्या, तरुण संघाची पोरं बोलली, शेवटी लोणच्याच्या बरण्या आणणाऱ्या मावशींनी घेतलं. टिंग टिंग! मी तर हवेत. मावशी पुढं गेल्या, पैसे दिले अन् म्हणाल्या, "परत ठेवा."

ठीक आहे, मान दिला. परत बोली. एका गुरुजींनी घेतलं. "परत ठेवा." पोरांनी वर्गणी करून घेतलं. "परत ठेवा!" पास्टरांनी स्वतः घेतलं. परत!

आईला चिमटा काढला, "आई, हे कुणी घरी नेणार का न्हाई? कुणालाच वाचायचं न्हाई का?"

"गप बस. मान देऊन राहिले लोक."

"मला मान नको, वाचणारा पाहिजे!"

हे जरा जोरात गेलं. पुढच्या दोन ओळींनी मागं वळून बघितलं. पप्पांनीपण.

पप्पा एका हातात कोंबडा अन् एका हातात पुस्तक घेऊन उभे होते. कोंबड्याचा नंबर पुढचा होता. त्यांनी पास्टरांच्या हातात दोन्ही दिलं.

"एवढं धरा साहेब."

अन् खाली उतरून बाकांमध्ये येऊन उभे राहिले, गुरुजींच्या शेजारी. हात वर केला. "माझी बोली."

"लिलाव करणाऱ्यानं बोलायचं नसतं हो!" गुरुजी हसले.

"मी कुठं करून राहिलो? साहेब करून राहिले."

सगळं चर्च हसायला लागलं. पास्टरांनी कोंबडा काखेत मारला, पुस्तक वर धरलं. कुणी पुढं बोललंच नाही. पास्टर ओरडले, "टिंग टिंग!" अन् मग पद्धतीप्रमाणं विचारलं, "परत ठेवायचं ना?"

"न्हाई," पप्पा म्हणाले. "घरी न्यायचंय."

मी रडले का? ते विचारू नका.

मग प्रीतिभोजन. पंगती बसल्या, वाढणं चाललं, पण पप्पा पंगतीत नव्हते. आईनं माझ्या हातात ताट दिलं, "बघ कुठं हायत." बाहेर गेले तर चर्चच्या पायरीवर बसलेले. चष्मा नाकावर, पुस्तक उघडं, पहिलंच पान. मी ताट शेजारी ठेवून उभी राहिले.

पप्पांनी वर बघितलं. चेहरा गंभीर.

"एका घंटीवर गाडी सुटली व्हय?"

"काय?"

त्यांनी बोट ठेवलं. माझ्या कादंबरीची पहिली ओळ: कंडक्टरनं टिंग केलं अन् लातूरची बस सुटली.

"कंडक्टरची पोरगी तू! एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. तुझी हिरोईन अजून अहमदपूरच्या स्टँडवरच उभी हाय!"

अरे देवा. आईच्या लक्षात आलं नाही, प्रकाशकांच्या आलं नाही, माझ्या तर नाहीच नाही!

"पप्पा, पुढच्या आवृत्तीत..."

पप्पांनी खिशातला पेन काढला. त्या टिंगशेजारी सावकाश अजून एक टिंग लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली.

"हां. जाऊ दे आता," म्हणाले अन् पान उलटलं.

ताटातला भात गार होत होता. सातवं प्रकरण अजून लई लांब होतं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.