देवीचे वण

एक वण घालायचा होता. गालावर, डोळ्याच्या खाली दोन बोटं. मी माऊस दाबला की तो नाकावर उमटायचा, नाहीतर पार मागच्या पडद्यावर. नवव्या दिवशी माझी बायको चहा घेऊन आली, स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाली, "ह्या बाईच्या तोंडावर माश्या बसल्यात का?"

कुठून ह्या भानगडीत पडलो, असं झालं होतं.

तीस वर्षं लातुरात फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस मी. अब्बांच्या हाताखाली काम शिकलो. पण आमच्या गल्लीत कोचिंग क्लास उगवले आणि धंद्याची रीतच बदलली. उदगीर, देगलूर, हदगाव, कुठून कुठून पोरं यायला लागली. क्लासवाल्या सरांना टॉपर पोरांचे बॅनर पाहिजेत. शर्टाच्या जागी कोट-टाय, पिवळ्या भिंतीच्या जागी निळं आभाळ. जमत नसेल तर सांगा सलीमभाई, शेजारी दुसरा हाय, असं सर लई गोड आवाजात म्हणाले.

झक मारत पन्नाशीनंतर कॉम्प्युटर क्लासला गेलो. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या लेकीपेक्षा लहान. त्यांनी लेयर समजावला. लेयर म्हणजे फोटोवर काच ठेवायची आणि रंगकाम त्या काचेवर करायचं. खालचा फोटो शाबूत राहतो. मी दर वेळी काच ठेवायची विसरायचो आणि थेट फोटोवरच थापायचो. मग मॅडम म्हणायच्या, काका, कंट्रोल झेड. म्हणजे केलेलं काम मागं घ्यायचं. मी दिवसभर दुसरं काही करतच नव्हतो.

अशात सुनीता आली. समोरच्या क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवणारी मुलगी. बॅनरसाठी टीचर लोकांचे फोटो काढायचे होते, म्हणून सरांनी पाठवलेली. तिचा फोटो झाला आणि तिनं पर्समधून एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून काउंटरवर ठेवला. तिच्या आईचा. आई-वडील दोघं भूकंपात गेले. ही तेव्हा पाच वर्षांची, उदगीरला मावशीकडं राहायला गेलेली म्हणून वाचली. घरातलं काहीच हाती लागलं नाही. हा फोटो मावशीच्या पेटीत होता म्हणून राहिला. मागं आमच्या स्टुडिओचा शिक्का आणि निगेटिव्हचा नंबर.

फोटो बघून मी खूश झालो. गाल कसे लोण्यासारखे. माझ्याच हातचं काम.

"काका, ही माझी आई न्हाई," ती म्हणाली.

आईला लहानपणी देवी आलेल्या, तोंडभर वण होते, असं तिनं सांगितलं. ही आईच्या गालावर हात ठेवून झोपायची तेव्हा बोटांना ते खड्डे लागायचे. फोटोत एकही नाही.

"आता डोळे मिटले तरी मला ही फोटोतलीच बाई दिसती. आई पुसत चालली माझी. कॉम्प्युटरवर काही होतंय का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वण काढा असं तिची आई म्हणाली नव्हती, फोटोच्या वेळी सोबत आलेली मावशीही नाही. मीच ठरवलं होतं की बाई अशी बरी दिसेल. होतंय की, कॉम्प्युटरवर सगळं होतंय, असं मी बोलून बसलो.

काय होतंय, कप्पाळ! फोटो स्कॅन केला आणि ठिपके द्यायला सुरुवात केली. कांजण्या झाल्यागत दिसायला लागली. मॅडमनी सांगितलं, क्लोन टूल वापरा. म्हणजे एका जागचं उचलून दुसऱ्या जागी चिकटवायचं. पण उचलायचं कुठून? शेवटी गोलाईच्या बाजारातल्या अत्तरवाल्या चाचांना धरून आणलं. त्यांच्या तोंडावर देवीचे वण होते. त्यांचा फोटो काढला, त्यांचे वण उचलून सुनीताच्या आईला लावले. दोन दिवस त्यात गेले. आणि बाई हुबेहूब अत्तरवाल्या चाचांसारखी दिसायला लागली. कंट्रोल झेड.

दहाव्या दिवशी सुनीता आली. तिनं स्क्रीनकडं नीट बघितलं.

"हे वण तिचे न्हाईत, काका."

मी भडकलो. इतकी मेहनत करून राहिलो, त्याचं काहीच नाही? तिचे वण कुठं कुठं होते हे मला काय माहीत, मी काय मोजून ठेवले होते, असं तोंडात येईल ते बोललो. ती रडली नाही, चिडली नाही. वर्गात विचारावं तसं तिनं विचारलं, "मग तेव्हा काढले कसे?"

मी सांगितलं. निगेटिव्हवर काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं असतं. वणाच्या जागी सावली पडते, ती निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका होऊन येते. त्यावर आधी एक चिकट लेप लावायचा, म्हणजे पेन्सिल धरते. मग बारीक टोकाच्या पेन्सिलनं एकेक ठिपका भरायचा. भरला की फोटोत गाल साफ.

"पेन्सिलनं?"

"हाव."

"मग ती पुसता येत न्हाई का?"

तीस वर्षं हेच काम केलेला माणूस मी आणि हे मला तिनं विचारावं!

निगेटिव्हचे खोके माळ्यावर होते. एकाचा कोपरा उंदरांनी खाल्लेला. शिक्क्याखालचा नंबर जुळवत तासभर धूळ खाल्ली, तेव्हा पाकीट सापडलं. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि लेपावरून हलक्या हातानं फिरवला. हे फाटलं असतं तर परत घ्यायला कुठली कळ नव्हती. कापूस करडा झाला. सगळी माझी पेन्सिल.

निगेटिव्ह खालून दिवा लावलेल्या काचेवर ठेवून कॅमेऱ्यानं टिपलं आणि कॉम्प्युटरवर घेतलं. शिकलेल्यापैकी एकच कळ कामाला आली, काळ्याचं पांढरं करणारी. ती दाबली.

वण सगळे जागच्या जागी होते. डोळ्याखाली, हनुवटीवर, डाव्या गालावर दाट. सुनीतानं स्क्रीनवर बोटं ठेवली आणि त्या गालावरून फिरवली. काच गुळगुळीत होती, पण ती फिरवतच राहिली. मग म्हणाली, "डाव्याच बाजूला झोपायचे मी."

आता मला ते सॉफ्टवेअर बऱ्यापैकी येतं. एका क्लिकमध्ये कुणाचाही चेहरा साफ करतो. फक्त त्याआधी गिऱ्हाइकाला विचारतो की ह्यातलं काय काढायचं नाही. लोक वैतागतात. वैतागू द्या.