ळ असलेला रिमोट

आमच्या गावाकडच्या घरी टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार अशा तीन वस्तू, त्यांचे तीन रिमोट. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते आवाज वाढवायला जायचे आणि चित्रच घालवून बसायचे. बोलून शोधायची सोय होती, पण दादा "गुरांचा बाजार दाव" म्हणून ओरडले की पडद्यावर भलतंच काही उमटायचं. म्हणून मी ठरवलं, सगळं चालवणारा आणि अक्षरांची बटणं असलेला एकच रिमोट घ्यायचा. दादा एसटीत कंडक्टर होते, लिहिता-वाचता माणूस. आईचा प्रश्नच नव्हता. रेशनपासून बँकेपर्यंत ती अंगठाच उठवत आलेली. स्टँडवर उभी राहिली की शेजारच्या बाईला विचारायची, "ही गाडी कुठली हाय?"

आई डोळे दाखवायला धाराशिवला माझ्याकडे आली होती, तिला घेऊनच दुकानात गेले. दुकानदारानं दोन रिमोट समोर ठेवले. एक बारीक, स्वस्त. दुसरा जाड, पाठीमागं पूर्ण कीबोर्ड. दोन्हींवर मराठी अक्षरं होती.

"मावशी, हातात धरून बघा," तो म्हणाला.

साउंडबारही ह्यानंच चालेल का, सेल कुठले लागतात, हे मी विचारत होते. मध्येच आई म्हणाली, "ह्या बारक्यावर ळ न्हाय."

"काय नाही?"

"ळ गं. येरमाळा कसं लिवायचं मग?" येरमाळा तिचं माहेर. तिनं दुसरा रिमोट उलटा केला, बटणांवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. "ह्याच्यावर हाय. ह्योच घे."

मी पैसे कसे दिले, पिशवी कुणी उचलली, मला आठवत नाही. बाहेर रसवंतीच्या बाकड्यावर बसलो, रस मागवला.

"आई, तुला वाचता येतं?"

"चौथीपतुर शिकले की."

"मग आजवर?"

तिनं ग्लास खाली ठेवला. "लग्न झालं त्या साली पत्र आलं. वाचणारं दुसरं कुणी घरात न्हवतं, म्या वाचलं. तुझी आत्या बाळंतपणात गेल्याचं हुतं त्यात. तुझी आजी म्हणली, हिच्या तोंडानं माझी लेक गेली. पुन्हा कागद हातात धरू दिला न्हाय. मग म्याच म्हणाया लागले, शिकले तेवढं समदं इसरले."

"दादांना ठाऊक नाही?"

"ते नोकरीवर. त्यास्नी कोण सांगणार?"

मला एकदम एक पत्र आठवलं. आजी तोवर वारली होती. दादा परगावच्या डेपोत असायचे, त्यांची पत्रं मी शाळेतून आल्यावर आईला वाचून दाखवायचे. माझी सातवी झाली. पुढची शाळा तेरला, एसटीनं जायचं. दादांनी लिहिलं होतं, 'पोरीची शाळा आता बास. तेरला पाठवू नये.' मी वाचलं, 'पोरीला तेरच्या शाळेत घालावे.' आई जोंधळे पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "बरं. ते म्हणत्यात तर घालू."

घातलं. दादा सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं. आई म्हणाली, "मला कुठं वाचता येतंय? पोरीनं वाचलं तसं केलं." मी मार खाल्ला, पण शाळा टिकली. त्याच शाळेच्या जोरावर मी मास्तरीण झाले. अडाणी आईला फसवल्याची बोच मात्र इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

"आई, ते तेरच्या शाळेचं पत्र..."

"तू यायच्या आधीच वाचलं हुतं. पोस्टमन दुपारी यायचा."

"मग मी खोटं वाचलं तेव्हा काहीच कशी बोलली नाहीस?"

"तू खरं वाचलं असतंस तर मला घालता आलं नसतं." एवढं बोलून तिनं उरलेला रस पिऊन टाकला.

रविवारी तिला गावी सोडायला गेले. रिमोट जोडून दादांच्या हातात देणार, तेवढ्यात तिनंच तो घेतला. एकेक बटण शोधत तिनं येरमाळा लिहिलं. पडद्यावर तिथल्या येडाई देवीचं देऊळ आलं. दादा खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

"कुणी शिकवलं?"

"शाळंत."

"कवा?"

"लग्नाच्या आधी."

ते तिच्याकडं बघतच राहिले. "म्हंजी ती समदी पत्रं..."

"समदी वाचली."

दादा चप्पल न घालताच गोठ्याकडं गेले. जेवायलाही आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "तुला ठावं हुतं?"

"नाही, दादा."

"लई कडक लिवायचो गं म्या. तिच्या माहेरावरनं, रांधण्यावरनं. काय काय लिवायचो."

"मला माहीत आहे. मीच वाचायचे ना."

"तू गाळून वाचायचीस, म्हणती ती," दादा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "तिनं न गाळता वाचलं."