गळ्यातला हार आणि वयनीचं गाऱ्हाणं

सकाळी दाढी करत होतो, तेव्हा पुतणीचा फोन आला. "काका, आई गेली. देवापुढे बसली होती, तिथेच." दाढी अर्धीच राहिली. दादरहून लालबागला पोहोचलो, तर चाळीचा जिना माणसांनी भरलेला. खांदा दिला, बाराव्याला पंगतीत बसलो, आणि त्या सगळ्या दिवसांत लोक मला एकच सांगत होते, की तुमच्यावर वयनीचा फार जीव होता. मी मान हलवत होतो. आता दीड महिना झाला. मान हलवून भागण्यासारखं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

वयनी माझ्या थोरल्या भावाची बायको. मालवणकडच्या खेड्यातून लग्न होऊन आली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आई नव्हतीच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून तिने मला भावोजी न म्हणता वासू म्हटलं. दादा गिरणीत साच्यावर कापड विणायचा. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात फळीवर गावच्या देवीची तसबीर आणि एक नारळ. रोज आंघोळ झाली की ती तिथे बसून गाऱ्हाणं घालायची. मंत्र नाही, श्लोक नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तशी बोलायची, आणि शेवट ठरलेला: "देवा म्हाराजा, आजचो दीस निभावून ने. उद्याचा गाऱ्हाणा उद्या." पुढे मी कॉलेजात जायला लागलो, पुस्तकं वाचू लागलो. मला त्याचं हसू यायचं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. चाळीत पोरंटोरंसुद्धा घोषणा देत जिने चढायची. मीही सभांना जायचो, परत येऊन गॅलरीत भाषणं ठोकायचो. एके सकाळी मोर्च्याला जातो असं वयनीला ऐटीत सांगून निघालो. नाक्यावर गर्दीत पुढे होतो. समोर पोलिसांची रांग दिसली, पहिला अश्रुधूर सुटला, आणि माझे पाय फिरले. गल्ल्यागल्ल्यांतून पळालो. भायखळ्यावरून चालत चालत ठाकूरद्वारला एका मित्राच्या घरी गेलो. दार लावून आम्ही संध्याकाळपर्यंत कॅरम खेळलो. त्याच दुपारी दादा पाळी संपवून घरी आला. वासू मोर्च्यात आहे आणि तिकडे गोळीबार चाललाय, हे ऐकल्यावर चहाचा कप तसाच ठेवून तो मला शोधायला निघाला. नाक्यावर लोकांना विचारत होता, माझा भाऊ दिसला का. तिथेच त्याला गोळी लागली.

मी घरी आलो तेव्हा त्याला आणलेलं होतं. कोणीतरी विचारलं, तू कुठे होतास? मी म्हणालो, पुढे होतो, पोलिसांनी कोंडलं होतं. एवढंच बोललो. बाकी लोकांनीच रचलं... दोघे भाऊ मोर्च्यात होते, एक परत आला. वयनी सव्वीस वर्षांची, मांडीवर दीड वर्षांची सुमन. माझ्या तोंडावरून हात फिरवत ती म्हणाली, "तुका तरी देवान परत धाडल्यान." त्या वाक्यानंतर खरं सांगणं मला जमलं नाही.

तिने खानावळ काढली. दहा-बारा गिरणीवाले जेवायला येत. रडायची ती भांडी घासताना, नळ सोडून. आणि गाऱ्हाणं एक दिवस चुकलं नाही. माझ्या आतली सल मी तिच्यावरच काढायचो. एकदा म्हणालो, तुझ्या देवाला नेमका दादाच बरा सापडला. ती शांतपणे म्हणाली, "रागावतंय मी त्याच्यावर. पण रागवाक तरी माका दुसरो कोण आसा?" खालच्या मजल्यावरच्या सावंतीणबाईंचा नवरा सत्याग्रहात तुरुंगात गेला, तेव्हा त्या अन्न टाकून बसल्या होत्या. वयनी ताट घेऊन त्यांच्याकडे गेली आणि त्या जेवेपर्यंत उठली नाही. म्हणाली, वर्षाचं मागू नका, जीव घाबरतो, एका दिवसाचंच मागा. मग कोणाचं मूल दगावलं, कोणाची नोकरी सुटली, की चाळ तिच्याकडे यायची. ती कधी उपदेश करायची नाही. शेजारी बसायची, आणि त्यांच्या नावाने गाऱ्हाणं घालायची.

पुढे चार वर्षांनी महाराष्ट्र राज्य झालं, त्या दिवशी चाळीच्या चौकात पताका लागल्या. संध्याकाळी दादाच्या तसबिरीला हार घालायचा, आणि मोर्च्यात लढलेला त्याचा भाऊ म्हणून मलाही. सकाळी वयनी भाकऱ्या थापत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. ठाकूरद्वार, कॅरम, सगळं. तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिने उलटली नाही. मला वाटलं, ती चौकात येऊन सांगेल. ती आली, सुमनचा हात धरून मागे उभी राहिली. माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो, मान वाकवली आणि हार घालून घेतला. टाळ्या वाजल्या. मी नकार देऊ शकलो असतो. दादाच्या मरणापेक्षा मला आज त्या हाराची जास्त शरम वाटते. पळालो तेव्हा घाबरलेलो होतो. हार घेताना घाबरलेलो नव्हतो.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, कपडे धुवायची, आणि देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायची, पण गप्प. नवव्या सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आठ दीस तुझ्या नावान गाऱ्हाणा घालूक माझी जीभ वळाक नाय. आज वळली. च्या घे." मी रडलो. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "माका सांगितलंस. लोकांका कधी सांगतलंस, ता तू ठरव." त्यानंतर तिने तो विषय पन्नास वर्षांत काढला नाही. आणि मी ठरवत राहिलो... ती जाईपर्यंत.

परवा खोली आवरायला गेलो होतो. दाराच्या आत भिंतीला टेकून तिचा पाट असायचा, कोणी मन मोकळं करायला आलं तर बसायला. सुमनने तो अजून उचललेला नाही. दुपारी तिसऱ्या मजल्यावरची नव्याने राहायला आलेली एक बाई दारात आली. नवरा हॉस्पिटलात होता, ती दोन महिने गावी होती, तिथून थेट तिकडे गेली होती, वयनी गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर ती तिथेच उभी राहिली, जाईना. मला देवाशी बोलता येत नाही. वयनीच्या जागी बसायची तर माझी लायकीच नाही. तरी मी म्हणालो, बसा. ती पाटावर बसली, मी खाली जमिनीवर. ती नवऱ्याचं सांगत राहिली, मी ऐकत राहिलो. अर्ध्या तासाने तिने डोळे पुसले आणि विचारलं, उद्या आले तर चालेल का?

मी म्हणालो, या. मी असेन.