मलसुकची डोंगरखरेदी

जिंजू शहराच्या बाजारात मासळीच्या गल्लीला वळलं की तिसरं दुकान मलसुकचं. मुरवलेला कोबी, लसूण घातलेलं मुळ्याचं लोणचं, सोयाच्या रसात आटवलेले बटाटे, परतलेले बोटभर सुके मासे असं सगळं ती पहाटे उठून करते. नोकरीवरून परतणाऱ्या बायका संध्याकाळी ते घेऊन जातात, घरी आपल्या भांड्यात काढतात आणि नवऱ्याला सांगतात, आजच केलंय. मलसुकला त्याचं काही वाटत नाही. पैसे मिळाले की पदार्थ ज्याचा त्याचा.

तिला वाटायचं ते सासरच्या श्राद्धाला. थोरल्या दिरांच्या घरी सकाळपासून जमिनीवर बसून मलसुकनं मासे तळायचे, धिरडी घालायची, भाज्या चिरायच्या, आणि संध्याकाळी पितरांसमोर ताटं मांडली की चुलतसासऱ्यांनी म्हणायचं, "थोरल्या सूनबाईंनी यंदाही सगळं नीट केलं हो." थोरली सूनबाई म्हणजे युनह्वा. वयानं ती मलसुकपेक्षा दोन वर्षांनी लहान. पण थोरल्याची बायको ती थोरली, म्हणून मलसुकनं तिला 'जाऊबाई, तुम्ही' म्हणायचं आणि तिनं मलसुकला 'अगं, तू.' तीस वर्षं हे चाललेलं. सवय झाली असं मलसुक म्हणायची, पण ती खरी झालेली नव्हती.

चार वर्षांपूर्वी थोरले दीर गेले. युनह्वा पडदे ओढून घरात बसायला लागली, तेव्हा मलसुकच फिलग्यूला म्हणाली होती, "तुमच्या डोंगरवाल्या मंडळात न्या की वहिनींना. नाहीतर कुढून मरेल ती." फिलग्यू म्हणजे तिचा नवरा, नगरपालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेला. घरात मोजकं बोलणारा. तो दर रविवारी मंडळाबरोबर डोंगर चढायचा. मलसुक कधी गेली नाही. रविवार विक्रीचा दिवस. तर युनह्वा जायला लागली, तिच्या गालांवर रंग आला, आणि लोक मलसुकला म्हणाले, किती मोठं मन तुझं. तेव्हा तिलाही ते खरं वाटलं होतं.

मग एके दिवशी तिनं तो फोटो पाहिला.

फिलग्यूचा फोन चार्जिंगला लावायला घेतला आणि मंडळाचे फोटो उघडे दिसले. एका कातळावर फिलग्यू आणि युनह्वा बसलेले. दोघांच्या अंगात सारखंच नारिंगी जॅकेट. युनह्वाच्या हातात चाकू आणि अर्धी सोललेली काकडी, आणि दुसरी अर्धी फिलग्यूच्या तोंडात. फिलग्यू हसतोय. घरात त्याच्यापुढे काकडी ठेवली तर तो म्हणायचा, पोटाला गार पडते, नको.

मलसुकनं बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. दात दिसत होते. त्याची मागची सोन्याची दाढसुद्धा दिसत होती. इतकं तोंड उघडून तो लग्नातही हसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मासेवालीला, जुनसकच्या आईला, तिनं सहज म्हणून सांगितलं. सांगायला नको होतं. जुनसकच्या आईनं माशाचं डोकं उडवलं आणि म्हणाली, "डोंगरावर खरं जोडपं कसं ओळखायचं, माहितीये ना? नवरा पुढे, बायको हाकेच्या अंतरावर मागे, आणि दोघांची तोंडं फुगलेली. काकडी सोलून भरवताना दिसले की समजायचं, हे घरून एकत्र निघालेले नाहीत."

"गप गं. वहिनी आहे ती त्यांची."

"मी कुठे काय म्हटलं? मी काकडीबद्दल बोलत्येय."

त्या संध्याकाळी जेवताना मलसुक म्हणाली, "पुढच्या महिन्यात जिरी डोंगराच्या धारेवर जाणार ना तुम्ही, तीन दिवस? मी पण येणार."

फिलग्यूनं भाताचा घास तसाच धरला. "तुला झेपायचं नाही."

"जाऊबाईंना झेपतं?"

"वहिनीची गोष्ट वेगळी आहे."

काय वेगळी, ते त्यानं सांगितलं नाही. मलसुकच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं रश्शाचं वाडगं त्याच्यापुढे असं ठेवलं की टेबलावर शिंतोडे उडाले. "मी येणार," ती म्हणाली. "दुकान बंद ठेवीन."

बातमी युनह्वापर्यंत कशी पोचली ते विचारायची गरज नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन. "अगं मलसुक, येतेयस ना? फार बरं झालं. तुझ्याकडे काहीच सामान नसणार. चल, मी नेते तुला. भावोजींना बायकांचे बूट कळत नाहीत."

माझ्या नवऱ्याला काय कळतं न कळतं ते ही मला सांगणार! पण एकटीनं जायचं तर कुठलं काय घ्यायचं ते मलसुकला खरंच ठाऊक नव्हतं. ती गेली.

शहरातल्या जुन्या गडाच्या दरवाजासमोरच्या रस्त्यावर डोंगरसामानाची चार-पाच दुकानं आहेत. युनह्वा त्यांतल्या एकात सरळ शिरली, घरात शिरावं तशी. मालक प्यो उठून उभाच राहिला.

"या या, बाईसाहेब! आज एकट्याच? साहेब नाही आले? त्यांचा गुडघा कसा आहे आता? पट्टा लावतात ना?"

"बरा आहे," युनह्वा म्हणाली.

मलसुकला क्षणभर काही कळेना. कोण साहेब? थोरले दीर तर चार वर्षांपूर्वी गेले. मग लख्ख उजेड पडला. गुडघ्याचा पट्टा फिलग्यूच्या कपाटात तिनं पाहिला होता. विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, मंडळानं वाटले. नारिंगी जॅकेट घातलेला तो, नारिंगी जॅकेट घातलेली ही. दुकानदारानं जोडी लावून टाकली होती. इथे तसंच असतं. सारखे कपडे घालून डोंगर चढतात ते नवरा-बायको, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. प्योचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते 'बरा आहे' म्हणणाऱ्या बाईचं.

मलसुकनं जावेकडे पाहिलं. जावेनं बुटांकडे पाहिलं.

"आणि ह्या?" प्योनं विचारलं.

"माझी जाऊ. पहिल्यांदाच येत्येय डोंगरावर. धारेवर न्यायचंय तिला."

"पहिल्यांदाच आणि थेट धार! वा, हिंमतवान आहात. बसा, पाय पुढे करा."

प्योनं बूट काढले. मलसुकच्या मापाचे घट्ट बसले, तिला बरे वाटले. युनह्वा म्हणाली, "एक माप मोठा घे. उतारावर बोटं पुढे सरकतात, नखं काळी पडतात." मोठे बूट घातल्यावर मलसुकचे पाय बदकासारखे दिसायला लागले. युनह्वाच्या पायात तसेच बूट होते आणि तिचे पाय बदकासारखे दिसत नव्हते. मलसुकनं दुकानात एक फेरी मारली. मागून युनह्वा म्हणत होती, "टाच उचलते का बघ. भावोजी म्हणतात, टाच उचलली की फोड आलाच म्हणून समजा."

पाठीवरची पिशवी आली. युनह्वानं मागून पट्टे ओढले, कंबरेचा पट्टा आवळला. "भार खांद्यावर नको, कमरेवर घे. गॅसची छोटी चूल आणि भांडी भावोजीच घेतात, आपल्याला फक्त कपडे आणि तांदूळ. सकाळी कॉफी मी करते. त्यांना दोन चमचे साखर लागते, नाहीतर पाय उचलत नाहीत त्यांचे."

घरी फिलग्यू बिनसाखरेची पितो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून मलसुकनंच साखर बंद केली होती.

पट्टा पोटाला काचत होता. ढिला कर, असं ती म्हणाली नाही.

"जॅकेट बघू या?" प्यो म्हणाला. "तुमचे मिस्टरही येतात का डोंगरावर? येत असतील तर एकसारखी दोन काढतो. बाईसाहेबांना आणि साहेबांना दिली तशी. दोन घेतली की सूटही देतो."

मलसुकनं युनह्वाकडे पाहिलं. अजूनही वेळ होता. नुसतं 'अहो, तुमची गल्लत होत्येय' म्हटलं असतं तरी भागलं असतं. युनह्वा हातमोज्यांची जोडी उलटसुलट करत राहिली.

"माझे मिस्टर वारले," मलसुक म्हणाली.

युनह्वाच्या हातातला एक हातमोजा खाली पडला.

प्योचा आवाज एकदम खाली आला. "अरेरे. मला ठाऊक नव्हतं. माफ करा." त्यानं लाल, पिवळी जॅकेटं हळूच बाजूला सारली आणि मागच्या दांडीवरून एक राखाडी काढलं. "हे बरं पडेल. मळत नाही. आणि एकट्यानं मागे राहू नका हं वर, बाईमाणसानं. जाऊबाईंच्या आणि साहेबांच्या मधे चाला." निघताना त्यानं पिशवीत मोज्यांचा एक जोड फुकट टाकला आणि तिच्याकडे असं पाहिलं की मलसुकला वाटलं, आपल्या अंगाला मयताचा वास येतोय.

बसथांब्यावर युनह्वा म्हणाली, "हे काय बोललीस तू?"

"तुम्ही बोलायला हवं होतं ते. कधीपासून बाईसाहेब झालात साहेबांच्या?"

"जॅकेटं घेतली त्या दिवसापासून. तो म्हणाला, बाईसाहेबांना हा रंग खुलतो. मी गप्प राहिले."

"आणि ह्यांनी ऐकलं?"

"भावोजी बुटांकडे होते. ऐकलं असेल, नसेलही. मी विचारलं नाही."

"का गप्प राहिलात?"

युनह्वानं तिच्या हातातल्या पिशवीकडे बोट दाखवलं. राखाडी बाही वर आली होती. "'वारले' हा शब्द काढल्यावर तुला काय काढून दिलं, पाहिलंस ना? मला सगळीकडे तेच काढून देतात गं. चार वर्षं. त्या एका दुकानात नारिंगी मिळालं."

"रंग हवा होता तर रंग घ्यायचा," मलसुक म्हणाली. "नवरा कशाला घ्यायचा बरोबर?"

युनह्वाची बस आली आणि ती चढली. खिडकीतून तिनं हात केला नाही, आणि मलसुकनंही नाही.

जावेचं म्हणणं तिला कळलं नाही असं नाही. कळलं, आणि तरी पोटातली आग कमी झाली नाही. कारण तिला जावेचं उत्तर नकोच होतं. बुटांकडे उभ्या असलेल्या माणसाला ऐकू आलं होतं की नाही, एवढंच तिला हवं होतं.

रात्री फिलग्यूनं जॅकेट पाहिलं. "हा कसला रंग आणलास? धुक्यात दिसायची नाहीस."

"प्योनं दिला."

त्याच्या चॉपस्टिकमधला मुळ्याचा तुकडा परत वाडग्यात पडला. "प्योकडे? त्याच्याकडे कशाला गेलात तुम्ही दोघी? नदीपलीकडे एवढं मोठं दुकान आहे."

ऐकलं होतं तर.

मलसुकनं शांतपणे वाडगी गोळा केली. "उद्या बदलायला जायचंय. तुम्ही पण चला."

"माझं काय काम तिथे?"

"नवऱ्याचं असतं ते."

दुसऱ्या दिवशी प्योच्या दुकानात शिरताना तिनं फिलग्यूचा दंड धरला. असा रस्त्यात तिनं तो कधीच धरलेला नव्हता. फिलग्यूला कसंतरीच झालं, पण त्यानं सोडवून घेतला नाही. प्यो हसत पुढे आला, मग त्या हाताकडे पाहून त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. काल विधवा म्हणून आलेली बाई आज जावेच्या नवऱ्याच्या दंडाला धरून आली होती.

"साहेब... या," तो म्हणाला. "बाईसाहेब नाही आल्या?"

फिलग्यूनं बुटांच्या मांडणीकडे पाहिलं. मलसुक त्याच्याकडे पाहत होती. आत्ता जर हा बुटांकडे गेला, तर मी एकटी घरी जाणार आणि धारेवर ह्यानं कुणालाही न्यावं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. फिलग्यूच्या कपाळावर घाम आला.

"ही माझी बायको," तो म्हणाला. मग घसा खाकरून पुन्हा, मोठ्यानं, "ही. त्या माझ्या वहिनी. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

प्योनं तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "पण... ह्या काल म्हणाल्या की मिस्टर वारले."

फिलग्यूनं तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

"काल वारले होते," मलसुक म्हणाली. "आज उठलेत."

प्यो आधी घाबरला, मग हसला, मग त्याला हसू आवरेना. "आमच्याही घरी आठवड्यातून एकदा मी मरतो, बाईसाहेब," तो म्हणाला. 'बाईसाहेब' हा शब्द आता तिला लागला होता. तो कानाला कसा लागतो ते मलसुकनं नीट ऐकून घेतलं. बरा लागत होता. फार दिवसांनी दाढेखाली गोड आल्यासारखा.

प्योनं राखाडी जॅकेट घडी करून बाजूला ठेवलं आणि भडक रंगांची दांडी पुढे ओढली. "माफ करा हं, साहेब, चूक माझीच झाली," तो म्हणाला. "मग त्या वहिनींचे मिस्टर? ते नाही येत डोंगरावर?"

फिलग्यू काही बोलणार तेवढ्यात मलसुकला जाणवलं की उत्तर आपल्याच तोंडात तयार आहे. एका शब्दाचं उत्तर. तो शब्द टाकला की पुढच्या वेळी युनह्वा इथे आली की प्योचा आवाज खाली येणार, आणि मागच्या दांडीवर हात जाणार. मग जिंजूत असं एकही दुकान तिला उरणार नव्हतं.

"त्यांना डोंगर आवडत नाहीत," मलसुक म्हणाली. "ते नदीवर गळ टाकून बसतात दिवसभर."

थोरले दीर जिवंतपणी तेच करायचे. निदान तेवढं खोटं नव्हतं.

"असतात असे लोक," प्यो म्हणाला आणि एक हिरवं जॅकेट तिच्या खांद्याला लावून बघायला लागला.

फिलग्यू तिच्याकडे टक लावून पाहत होता. त्याचे डोळे ओले झाल्यासारखे वाटले, आणि मलसुकला स्वतःचाच राग आला. त्या बाईला आपण फुकट काहीतरी देऊन बसलो, आणि ते ह्याच्यासमोर.

"तुम्ही काय बघताय?" ती खेकसली. "आरसा धरा. आणि धारेवर कॉफी मी करणार आहे. बिनसाखरेची."