पेटरसनबाईंच्या माळ्यावरची दोरी

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमचे वडील मिरजेला शाळेत विज्ञान शिकवायचे. शेजारच्या काकूंच्या अंगात आलं की हे थर्मामीटर घेऊन हजर. त्यांच्याच तालमीत मी वाढले. या ग्रुपवरचे अनुभव दुपारी जेवण झाल्यावर चवीने वाचते आणि निम्म्याअधिक लोकांना मनातल्या मनात नापास करते. आता स्वतःच परीक्षेला बसलेय... फ्रँकफर्टच्या नातीने फोनमध्ये मराठी कीबोर्ड टाकून दिलाय, एका बोटाने चाललंय, तेव्हा चुका पोटात घाला.

१९६१चा उन्हाळा. आमचे हे लुडविग्सहाफेनला एका रासायनिक कारखान्यात केमिस्ट होते. लग्न होऊन महिन्याभरात ते एकटेच जर्मनीला आले, आणि मी आले तब्बल तीन वर्षांनी. मधल्या काळात फक्त पत्रं. त्या पत्रांत एक कुसुम देव वरचेवर डोकावायची. हायडेलबर्गला पीएचडी करत होती, आणि रविवारी सगळ्या मराठी मुलांना पिठलं-भात करून घालायची. पिठल्याचं वर्णन जरा जास्तच असायचं, हे मी तेव्हाच लक्षात ठेवलं होतं.

त्या वर्षी सुट्टीत उत्तर समुद्रावर जायचं ठरलं. यांच्या ऑफिसातल्या सेक्रेटरीने पत्र पाठवून एका बेटावर खोली आणि सकाळची न्याहारी अशी सोय केली. हुसुम गावाच्या बाजूला समुद्रात अशी चिमुकली बेटं आहेत, त्यांना 'हालिग' म्हणतात. बांध नाही, झाड नाही, नुसतं गवत. भरती फार चढली तर कुरणं पाण्याखाली जातात, म्हणून घरं मातीच्या उंचवट्यांवर बांधलेली. ओहोटीला मात्र समुद्र इतका मागे हटतो की तळाचा चिखल उघडा पडतो आणि किनाऱ्यावरून दीड तासात चालत बेटावर जाता येतं. बेटाचं नाव मुद्दाम देत नाही. बाईंचं खरं नावही पेटरसन नव्हतं.

यांचं आधी हॅम्बुर्गला दोन दिवस काम होतं. तू हॉटेलात बसून काय करणार, पुढे जा, असं म्हणून त्यांनी गाड्या बदलायची चिठ्ठी लिहून दिली आणि मला एकटीला पाठवलं. तिसऱ्या दिवशी ते येणार होते. किनाऱ्यावरच्या बांधावर एक खानावळ होती, तिथे रात्री मुक्काम करून सकाळी बोटीने नाहीतर चालत. चालायची त्यांना भारी हौस.

मी दुपारी बोटीतून उतरून उंचवटा चढले, आणि मी दार वाजवायच्या आतच ते उघडलं. साठीची बाई, निळा एप्रन, हात पिठाचे. तिने माझी बॅग घेतली आणि माझा हात धरून ठेवला, सोडेचना. मला घेऊन आत शिरताना दाराच्या बुटक्या तुळईखाली सवयीने वाकली. लुडविग्सहाफेनच्या आमच्या घरमालकिणीने सहा महिन्यांत फोडणीच्या वासाबद्दल तीनदा तक्रार केली होती. त्यामुळे जर्मन बाई इतकी प्रेमळ वागते म्हटल्यावर मी सावध झाले.

खोलीत दोन पलंग होते, पण गादी-पांघरूण एकाच पलंगावर. दुसरा उघडा. पत्रात तर दोघांची खोली मागितली होती. आरसाही माझ्या उंचीला बेताचा लावलेला, आणि मी पाच फूटही नाही. त्या घरातल्या कुणाला तो आरसा पोटापर्यंतच आला असता.

मग पोलिसांसाठीचा फॉर्म आला. माझं नाव, जन्मगाव, आणि पुढच्या रकान्यात नवऱ्याचं नाव. आता त्या काळी आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. वडील विज्ञानवाले असले तरी आई तशी नव्हती ना! उखाण्यात घ्यायचं तेवढंच, तेही चारचौघींनी अडवून धरल्यावर. लग्नात घेतलेला एक उखाणा सोडला तर ते नाव माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. लुडविग्सहाफेनला अशी वेळ आली की मी पासपोर्ट पुढे करायची. इथेही पर्समध्ये पासपोर्ट शोधू लागले, तोंडाला पदर लावून हसले. बाईंनी मान हलवली आणि स्वतःच त्या रकान्यात लिहिलं — माधव.

सेक्रेटरीच्या पत्रात नुसतं 'डॉक्टर सहस्रबुद्धे आणि पत्नी' एवढंच होतं. पासपोर्ट अजून पर्समध्येच होता. मग हिला नाव कुठून कळलं? हे इथे आधी येऊन गेलेत, आणि मला सांगितलेलं नाही. दुसरं काय असणार?

सकाळी टेबलावर ना अंडं, ना हॅम. काळा ब्रेड, चीज, जांभळा जॅम, आणि चहा दुधात उकळलेला. आमच्या घरमालकिणीला सहा महिन्यांत समजावता आला नव्हता तसा. आणि सगळ्यात आधी काय वाढलं असेल? मीठ. बशीच्या कडेला चिमूटभर मीठ, मग बाकीचं. आपल्याकडे पान वाढायला घेताना करतात तसंच. म्हणजे कुणीतरी मराठी बाई या टेबलाशी बसून गेलेली होती, आणि पिठलं कोण करायचं ते मला ठाऊकच होतं. मी बशी बाजूला सारली. बाई मात्र समोर बसून, मी जेवते की नाही, हे डोळ्यांत तेल घालून बघत होत्या.

साडी धुतली तेव्हा त्या मला माळ्यावर घेऊन गेल्या. तिथे एका वाशापासून दुसऱ्या वाशापर्यंत दोरी बांधलेली होती. साडी एकेरी पसरली आणि पदराचं टोक बरोबर दुसऱ्या वाशाला टेकलं. उशांचे अभ्रे वाळवायला सहा वार दोरी कोण बांधतं? मग मात्र माझा बांध फुटला. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी विचारलं, इथे कोणती भारतीय बाई येऊन गेली? आणि कुणाबरोबर?

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच की. दोन वर्षांपूर्वी शरद ऋतूत. तीन दिवस त्या खिडकीशी बसून होतात."

त्या शरद ऋतूत मी मिरजेत सासूबाईंच्या हाताखाली दिवाळीचा फराळ करत होते. तसं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, नुसता माझा हात दाबला. मी मनात म्हटलं, काय पक्की बाई आहे! यांनी हिला फितवलंय. हिला वाटतंय, सगळ्या काळ्या केसांच्या आणि साडीतल्या बायका सारख्याच, घोळ झाला असं भासवलं की सुटली. त्या दिवशी त्यांनी केलेली तांदळाची खीर मी खिडकीतून मेंढ्यांना घातली. त्याची आज लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी आकाश लख्ख होतं. न्याहारीला बाईंनी विचारलं, नवरा बोटीने येणार की चालत? मी म्हटलं, माहीत नाही. भरती-ओहोटीच्या वेळेप्रमाणे बोट संध्याकाळीच होती, म्हणजे चालतच. बाईंनी एप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि पहिल्यांदाच माझ्याशी कडक आवाजात बोलल्या. फोन करायचा, आत्ता, माझ्याबरोबर चला. दंडाला धरून त्यांनी मला कुरणातून जवळजवळ ओढतच नेलं. मला वाटलं, हिला त्यांना सावध करायचंय. बायको चिडलीय, येऊ नका म्हणून. बघूच, म्हटलं. फोन माझ्याच हातात असणार होता.

बेटावर फोन एकच, पोस्टाचं काम बघणाऱ्या म्हाताऱ्या आजोबांच्या घरी. ते माझ्या साडीकडे डोळे फाडून बघत राहिले. साडीतली बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती हे दिसत होतं. पण त्यातून निघणारा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही.

खानावळीचा फोन लागला. मालक म्हणाला, भारतीय गृहस्थ? ते काय, आत्ताच अनवाणी बाहेर पडले. बांधावरून खाली उतरतायत, मला खिडकीतून दिसतायत. पण वारा उलटा आहे, 'हॅलो हॅलो' ओरडलो तरी वळत नाहीत. त्यांना हाक काय मारू?

मी आडनाव सांगितलं. तो 'सा-हा-स्रा' पर्यंत आला आणि अडला. पुन्हा सांगितलं, पुन्हा अडला. मग म्हणाला, छोटं नाव सांगा, पहिलं नाव सांगा, लवकर, लांब चाललेत ते.

आणि मी गप्प. ओठ मिटलेले, हातात पदर. सवय म्हणजे काय असते बघा. आगीत उभी असते तरी 'अहो' म्हणूनच ओरडले असते.

बाई माझ्या कानाशी वाकल्या. हळू, एकेक शब्द मला कळेल असा म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही इथेच अशा उभ्या होतात. नाव घेतलं नाहीत. मग घेतलंत, फार उशिरा. उंचवट्याच्या कडेला उभं राहून, अंधार पडेपर्यंत. म्हणून मला ते नाव ठाऊक आहे."

तुम्हाला वाटेल, हे ऐकून मी घाबरले आणि नाव घेतलं. तसं नाही. मला आला तो संताप. ज्या माणसाचं नाव मी तीन वर्षं ओठांबाहेर येऊ दिलं नाही, त्याचं नाव ही परकी बाई माझ्या कानात घोळवतेय, आणि तो तिकडे दुसरीला घेऊन इथे येऊन गेलेला... मग मीच कशाला सोवळ्यात ठेवू? मी फोनमध्ये किंचाळले, "माधव! माधव म्हणून हाक मारा!"

तिकडे खिडकी उघडल्याचा आवाज आला आणि मालक ओरडला, "माडाफ! माडाफ!"

पाचेक मिनिटांनी हे फोनवर आले, धापा टाकत. काय झालं, बरी आहेस ना, असं सगळं झाल्यावर एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "तू माझं नाव घेतलंस?" मी म्हटलं, चालत यायचं नाही, उद्या सकाळच्या बोटीने या, नाहीतर मी तशीच मिरजेला जाते. कारण विचारलं तर सांगता येईना. ते चिडले, पण थांबले.

तासाभरात धुकं आलं. तसं धुकं मी नंतरच्या साठ वर्षांत पाहिलं नाही. लख्ख उन्हात समुद्राकडून भिंत सरकत आली आणि मला स्वयंपाकघरातून कुरणातली विहीर दिसेनाशी झाली. अशा धुक्यात चिखलात दिशा हरवली की भरती गाठते, म्हणून दिवस मावळेपर्यंत कुणीतरी घंटा वाजवत होतं. चिखलात त्या दिवशी कुणीच नव्हतं, त्यामुळे काही झालं नाही. वडिलांना नंतर पत्रात कळवलं तर त्यांनी उत्तर दिलं, न घडलेल्या गोष्टीचा पुरावा नसतो. बरोबरच आहे त्यांचं.

दुसऱ्या सकाळी हे बोटीने आले. माझा संशय गेला होता असं समजू नका. मी दारात उभी राहून दोघांवर नजर ठेवून होते, ओळखीचं हसू दिसतंय का म्हणून. ती तुळई इतकी खाली होती की एकदा येऊन गेलेला माणूस आपोआप वाकतो. हे ताठ मानेने आत शिरले आणि असे आपटले की कपाळावर टेंगूळ आलं. ते टेंगूळ बघून मला इतका आनंद झाला, काय सांगू. बाईंनी तर त्यांना हात लावून बघितलं, आधी खांदा, मग दंड, आणि मग एप्रनमध्ये तोंड घालून स्वयंपाकघरात निघून गेल्या. आम्ही खोलीत गेलो तेव्हा दुसऱ्या पलंगावरही गादी-पांघरूण घातलेलं होतं.

हे नंतर म्हणाले, त्या मालकाने 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणून हाक मारली असती तर वळलो नसतो. जर्मनीत मला माधव म्हणणारं कुणी नव्हतं. वाटलं, आईच हाक मारतेय.

कुसुम देव पुढे माझी जिवाभावाची मैत्रीण झाली. तिने उत्तर समुद्र कधीच पाहिला नाही, तिला बोट लागायची. बाईंना मी निघताना पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, आता ते बोलायला नको. पुढे चार-पाच वर्षं नाताळला कार्ड यायचं, मग यायचं थांबलं. त्या दोरीचं, मिठाचं, चहाचं, नावाचं स्पष्टीकरण मी आजतागायत शोधतेय. एकट्या बाईच्या मनाचे खेळ म्हणावे, तर ती साडी दोरीवर बरोबर मावलीच कशी? नात सगळं ऐकून जर्मनमध्ये म्हणते, आजी, योगायोग. म्हणू दे.

त्या दिवसापासून मी यांना नावाने हाक मारत आले. मिरजेच्या सासूबाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. अकरा वर्षांपूर्वी हे गेले, तोवर त्रेपन्न वर्षं मी ते नाव घेतलं. चहाला, भांडणात, औषधाच्या वेळी, आणि शेवटी फ्रँकफर्टच्या हॉस्पिटलात. तेव्हाही त्यांनी वळून पाहिलं होतं.

फक्त एक राहून राहून वाटतं. त्या खिडकीशी तीन दिवस बसून होती ती बाई, जिच्यावर मी इतकी जळले, तिला माझा नवरा चोरणारी समजले... ती जी कोण होती, तिचा मात्र परत आला नाही.